उमरेड रोडच्या बाजूचं घर : शोधाच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. तीन वर्षांपासून नागपूरला घर घ्यायचं घ्यायचं म्हणून राहिलो, कोणी नातेवाईक म्हणतो अमुक ठिकाणी पाहा, आम्ही पाहून येतो अन् महिनाभरानं काय पाहिलं होतं, भाव काय सांगितला होता तेच आठवत नाही. म्हणून ही वही.

आधी आमचं सांगते. मी उमरेडला महावितरणच्या ऑफिसात बिलिंगचं काम पाहते. हे शेती करतात, साडेसहा एकर, सोयाबीन, कापूस, तूर अन् अर्धा एकर मिरची. गाव उमरेड-भिवापूर रोडपासून ४ किलोमीटर आत. घरात सासूबाई, मोठी मुलगी दहावीत, लहाना पाचवीत. मोठीला अकरावी सायन्स घ्यायचं आहे, त्यासोबत क्लास लावायचा आहे. सासूबाईंना दर दोन महिन्यांनी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, दाखवायला न्यावं लागते, त्या दिवशी पहाटे चारला उठून निघतो तेव्हा कुठं चिठ्ठीच्या लाईनीत नंबर लागते. दोन्ही कामं नागपूरचीच आहेत म्हणून घर नागपूरला.

गावचं घर अन् वावर सोडायचं नाही हे पहिल्या दिवसापासून पक्कं आहे. हे आठवड्यातले चार-पाच दिवस गावातच राहतील, मी नागपूरवरून उमरेडला अपडाऊन करीन. त्यामुळं घर कुठंही चालणार नाही, उमरेड रोडला लागून पाहिजे. तसं पाहिलं तर सगळे हेच करतात, भंडाऱ्याकडचा माणूस पारडी-वर्धमाननगरकडं घर पाहते, काटोलवाले काटोल नाक्याच्या आसपास, वर्धा-यवतमाळवाले वर्धा रोडला अन् आपले उमरेड, भिवापूर, ब्रह्मपुरीवाले सक्करदरा-दिघोरीच्या बाजूला. गावाकडून येणारी एसटी जिथून शहरात शिरते तिथंच माणसाचा जीव लागते.

पैशाचं असं, आमच्याजवळ जमवलेले साडेसात लाख, बाकी लोन. सोयाबीन ३१ पोते घरात पडून आहे, हमीभाव ४,८९२ अन् बाजारात चार हजाराच्या आसपास मागून राहिले. हे म्हणतात, "थांबू थोडं, इतकी काय घाई आहे." पण मोठी जूनमध्ये अकरावीत जाणार आहे, तिच्यासाठी घाई आहेच.

१ डिसेंबर २०२४, रविवार

पहिली फेरी. मनीषनगर अन् बेसा.

मनीषनगरला फार वेळ घालवला नाही. वस्ती चांगली आहे, सगळं जवळ आहे, पण भाव आमच्या आवाक्याबाहेर अन् तिथून उमरेड रोडला लागायला आधी मानेवाडा, मग म्हाळगीनगर, मग दिघोरी असं रिंग रोडनं यावं लागते. संध्याकाळी त्या रोडवर काय होते ते येताना पाहिलं.

बेसाला एक बांधकाम चालू असलेली स्कीम पाहिली. नकाशा सुंदर, मोठीला तर फारच आवडला. सेल्सवाला पोरगा ९८० फूट ९८० फूट म्हणून राहिला होता. मी तिथंच बसून मोबाईलवर महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या स्कीमची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साईटवर नंबर टाकला, नागपूर जिल्ह्याचे नंबर पी ५०५ पासून सुरू होतात, तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली खरी वापरायची जागा, निघाली ६५५. भाव मात्र ९८० वर लावून राहिला होता. अन् प्रोजेक्ट पूर्ण करायची तारीख दोनदा पुढं ढकललेली, तेही त्याच पानावर लिहून आहे. मग त्यानं बुकिंगला २० टक्के मागितले. मी म्हटलं करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही, रेराच्या कायद्यातच आहे ते, तर म्हणतो मॅडम सगळे देतात. आपण नाही देणार.

पण बेसा खरं तर पाण्यामुळं बाद झालं. तो भाग महापालिकेत नाही, अन् आम्ही पाहिली त्या स्कीममध्ये नळाचं पाणी नाही, बोअर आहे. खाली रोडवर टँकर उभा होता तर यांनी ड्रायव्हरला विचारलं, "भाऊ, इथं कितीक टँकर लागतात?" तो म्हणाला, आता काहीच नाही, एप्रिल लागू द्या, ह्या एका गल्लीत दिवसाचे चार. सेल्सवाल्यानं सांगितलं होतं बोअरला भरपूर पाणी आहे म्हणून. आता जिथं जाईन तिथं आधी टँकरवाल्याला विचारीन, त्याला काही विकायचं नसते.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

वाठोडा अन् खरबी. इकडं प्लॉट पण पाहिले, यांच्यासाठी. यांचं म्हणणं आहे की फ्लॅट म्हणजे हवेतलं घर, "चार भिंती दुसऱ्याच्या अन् छत पण दुसऱ्याचं, आपलं काय त्यात?" शेतकरी माणूस आहे, पायाखाली जमीन पाहिजे. मला ते पटते पण बजेटमध्ये प्लॉट घेतला तर बांधायला पैसे उरत नाहीत, मग मोठीची अकरावी-बारावी भाड्याच्याच खोलीत जाईल.

डीलरनं दुपारी १२ ला नेलं होतं. मोकळी हवा, रुंद रोड, सगळं मस्त. बोलता बोलता म्हणाला मेट्रो येऊन राहिली इकडं. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, ४३.८ किलोमीटर, त्यात बुटीबोरी आहे, कन्हान आहे, हिंगणा आहे अन् प्रजापतीनगरच्या पुढं कापसीकडचं ट्रान्सपोर्टनगर आहे. उमरेड रोडचं नाव त्यात कुठंच नाही. हे मी त्याला शांतपणे सांगितलं, तो दुसरं बोलायला लागला.

आम्ही मुद्दाम परत गेलो नाही, सक्करदऱ्याला आत्याकडं थांबलो अन् रात्री साडेआठला यांच्या गाडीवर दोघंच पुन्हा त्या प्लॉटवर गेलो. गाडी बंद केली अन् दोन मिनिटांत वास आला. भांडेवाडीचा कचरा डेपो तिथून लांब नाही. किराणा दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "दिवसा नाही येत ताई, रात्री हवा पडली की येते, अन् उन्हाळ्यात तिकडं आग लागली की मग धूर." त्याच्या दुकानात पाळण्यात लहान लेकरू होतं. आम्हाला निदान उठून निघून जाता आलं.

दिवसा पाहिलेलं घर रात्री पाहिल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

आज यांचं मन बसलं. हुडकेश्वर-नरसाळ्याच्या पुढं एका ले-आउटमध्ये १,५०० फुटाचा प्लॉट. काळी माती, कडेला बाभळी, समोर अजून हरभऱ्याचं वावर. हे खाली बसले, मूठभर माती उचलली, बोटानं चुरली अन् कितीतरी वेळ काहीच बोलले नाही. मग पावलांनी मोजला, लांबी अन् रुंदी, यांचं पाऊल अडीच फुटाचं पडते, फीत लावली तर चार-सहा इंचाचाच फरक. इतकं खूश यांना मी तूर चांगली झाली त्या वर्षीच पाहिलं होतं.

डीलर म्हणाला दुसरी पार्टी उद्या येऊन राहिली. २१ हजार टोकन दिलं. मी म्हटलं होतं आधी कागद पाहू, पण यांचा चेहरा पाहिला अन् मी गप्प बसले.

१२ जानेवारी २०२५, रविवार

टोकनचं प्रकरण. सविस्तर लिहिते कारण आमच्यासारखे गावाकडून येणारे इथंच फसतात.

नागपुरात प्लॉटचा विषय निघाला की पहिला प्रश्न असते, "आरएल आहे का?" आरएल म्हणजे रेग्युलरायझेशन लेटर, प्लॉट नियमित झाल्याचं पत्र. शहराच्या कडेनं कितीतरी ले-आउट असे पडले की शेतकऱ्याची जमीन कोणीतरी घेतली, चुन्याच्या रेघा मारल्या, प्लॉट विकले, एनए नाही म्हणजे जमीन बिगरशेती केलेली नाही, नकाशा मंजूर नाही. असे प्लॉट नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे त्यात आले. अर्ज केला, छाननी झाली की डिमांड येते, म्हणजे विकासशुल्काचे इतके पैसे भरा. ते भरले, बाकी सगळं बरोबर असलं तर आरएल. म्हणजे डिमांड वेगळी अन् आरएल वेगळं. अन् जिथं ले-आउट आधीपासून रीतसर मंजूर आहे त्याला एनएटीपी म्हणतात, त्याचा भाव जास्त असते अन् जास्त असलाच पाहिजे.

आमच्या डीलरनं आरएल म्हणून जे दाखवलं ते डिमांडची झेरॉक्स होती, ती पण त्याच खसऱ्यातल्या, म्हणजे त्याच सर्वे नंबरातल्या, दुसऱ्याच प्लॉटची. ऑफिसातल्या एका मॅडमच्या ओळखीनं वकील मिळाले, त्यांनी पाच मिनिटांत ओळखलं. मग मी ऑनलाइन सातबारा काढला, त्यावर अजून मूळ शेतकऱ्याचंच नाव, चार भावांचं, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. वकिलांनी विकास आराखड्यातला भाग काढून आणला तर आमच्या प्लॉटवरून बागेच्या आरक्षणाची हद्द जाते. बाग होईल तेव्हा होईल, पण तोपर्यंत तिथं घराचा नकाशा मंजूर होणार नाही अन् बँक लोन देणार नाही.

दोन रविवार फेऱ्या मारल्या, २१ मधले ११ हजार परत मिळाले. १० गेले.

मला राग आला तो पैशाचा नाही. यांनी त्या दिवशी माती हातात घेतली होती ते त्या माणसानं पाहिलं होतं. घरी आल्यावर हे ओसरीवर बसले अन् एवढंच म्हणाले, "आपल्या वावराचा सातबारा मी तोंडपाठ सांगतो, अन् त्या प्लॉटचा मागायचा माह्या डोक्यातच नाही आलं." मी म्हटलं आता फाईल मी पाहीन अन् माती तुम्ही पाहा. तसं वाटून घेतलं.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सासूबाईंना घेऊन गेलो. त्यांना विचारल्याशिवाय पाच जणांचं घर ठरवून राहिलो होतो हे मोठीनं लक्षात आणून दिलं.

त्यांचं नागपूर म्हणजे इतवारी. छोट्या लाईनच्या गाडीनं जायच्या, मिरची विकायला सासरे असताना, अन् लग्नाच्या साड्या आणायला. ती गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली, मोठी लाईन करायला, तेव्हापासून त्या इतवारीला गेल्या नाही. गाडीत बसल्या बसल्या सगळे स्टेशन म्हणून दाखवले.

तीन फ्लॅट दाखवले. एक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नव्हती, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या पायरीवरच बसल्या अन् म्हणाल्या, "मले वर नेसान पण खाली कोण आणन?" तो तिथंच संपला.

दुसरा तळमजल्यावर होता, दोन पायऱ्या, अंगण, तुळशीला जागा, भाव पण ठीक. सासूबाई एकदम खूश. घरमालक आत चहा करून राहिले होते तेवढ्यात लहाना म्हणाला, मम्मी इथं पट्टी कायची आहे. भिंतीला नवा रंग होता पण जिन्याखालच्या खोलीत, जिथं रंग मारला नव्हता, तिथं माझ्या गुडघ्याच्या वर, तपकिरी सरळ रेघ, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जशी कोणी दोरी धरून मारली. खाली मीठ फुटलेलं, वर कोरडं. घरामागं ३० पावलांवर नाला. मी शेजारच्या काकूंना विचारलं तर त्यांनी हातानंच दाखवलं, इथपर्यंत.

२२-२३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीकाठच्या चांगल्या चांगल्या, जुन्या, श्रीमंत वस्त्यांमध्ये लोकांच्या घरात पाणी शिरलं, गाड्या तरंगल्या. आम्ही गावात बसून टीव्हीवर पाहिलं होतं. यांनी तेव्हाच म्हटलं होतं, नाल्याच्या काठचं वावर कोणी घेत नाही तर घर कसं घेतात. गावात कोणती शेती पाण्याखाली जाते ते लहान पोरगं पण सांगते, शहरात ते कोणी सांगत नाही, रंग मारून टाकतात.

सासूबाईंच्या अटी लिहून घेतल्या: पायऱ्या एका मजल्याच्या वर नको. बाथरूममध्ये धरायला काहीतरी पाहिजे. तुळशीला सकाळचं ऊन यावं. अन् बाजूला बोलायला कोणी असावं, "दिवसभर दार लावून बसाचं असन तर मी नाही येत बाप्पा."

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

परवा रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना पैसे देते तो व्याजदर, ६.२५ केला. हिशेब: २२ लाख, २० वर्षं, ८.५० टक्क्यानं हप्ता १९ हजार ९२ रुपये, ८.२५ नं १८ हजार ७४५. माझा पगार धरून जमते. शेतीचा पैसा मी या हिशेबात धरलाच नाही, कधी येते कधी नाही, हप्ता तर दर महिन्याला जाणार. सोयाबीन शेवटी बाजारातच विकलं.

१६ मार्च २०२५, रविवार

महिनाभर काहीच केलं नाही. मोठीची परीक्षा, २१ फेब्रुवारीला सुरू झाली ती उद्या संपते. तूर निघाली, हरभरा काढणीला आला. डीलरचे फोन येऊन राहिले, उचलले नाही.

२३ मार्च २०२५, रविवार

म्हाळगीनगरजवळचा फ्लॅट पाहिला. पहिला मजला, आठ फ्लॅटची जुनी अपार्टमेंट, मालकाचा मुलगा पुण्याला म्हणून विकून राहिले. ३० लाख सांगितले. दिघोरी नाका गाडीवर दहा मिनिटं, तिथून सरळ उमरेड रोड. महापालिकेचा नळ आहे. मेडिकलला जायला ऑटोनं वीस मिनिटं. बाजूला दोन शाळा, समोर पिठाची गिरणी.

मी नेहमीप्रमाणं लाईटबिल मागितलं. हे मी सगळीकडं करते अन् लोकांना वाटते मॅडमला दुसरं काही सुचत नाही, पण बिलासारखा बोलका कागद नाही. बिलावर नाव कोणाचं ते पाहायचं, विकणाऱ्याचं नसलं तर का नाही ते विचारायचं. पुरवठा दिनांक पाहायचा, मीटर कधी लागलं त्यावरून बिल्डिंगचं वय कळते, दहा वर्षं जुनी सांगतात अन् निघते अठरा. अन् मागच्या महिन्यांचे युनिट छापून असतात ते पाहायचे. एका ठिकाणी, मानेवाड्याच्या बाजूला, मालक म्हणाला आम्ही इथंच राहतो, अन् वर्षभराचे युनिट दर महिन्याला १०-१२. म्हणजे घर बंदच होतं, मग ओल, नळ, शेजार याचं तो जे सांगून राहिला होता ते त्याला माहीतच नसणार. या म्हाळगीनगरच्या बिलात नाव मालकाचंच, लोड पुरेसा, हिवाळ्यात ९०-९५ युनिट अन् मागच्या मे महिन्यात ३१०. म्हणजे माणसं राहत होती अन् उन्हाळ्यात कुलर-एसी चालत होता. मेमध्ये घर किती तापते त्याचा अंदाज तिथंच आला.

यांनी घरात फिरून फार काही म्हटलं नाही. गॅलरीत उभे राहिले, पूर्वेकडं पाहिलं, "इकडं दिघोरी ना?" एवढंच.

रात्री साडेआठला पुन्हा गेलो. वास नाही. गिरणी बंद होती. खाली चार बाया खुर्च्या टाकून वाटाणे सोलत बसल्या होत्या.

२० एप्रिल २०२५, रविवार

मुद्दाम आज दुपारी तीनला गेलो. काल नागपूर ४४ च्या वर गेलं. आमच्याकडं घर उन्हाळ्यात पाहायचं असते, हिवाळ्यात तर गोठा पण छान वाटते.

वर अजून दोन मजले आहेत म्हणून स्लॅबचं ऊन थेट नाही, हे पहिलं सुख. हॉल ठीक. मागची बेडरूम पश्चिमेची, तिथल्या भिंतीला मी तळहात लावला अन् पाचपर्यंत मोजायच्या आत काढून घ्यावा लागला. तिथं कपाटं लावायची, पलंग नाही, हे मोठीनं लगेच ठरवलं. मग कुलर कुठं लावायचा ते पाहिलं. नव्या बिल्डिंगमध्ये हे पाहतच नाहीत, खिडक्या अशा ठिकाणी की बाहेर कुलरचा स्टँड लागतच नाही. इथं हॉलच्या खिडकीबाहेर जुन्या स्टँडच्या बोल्टचे चार भोकं तयार आहेत, अन् हवा निघायला समोर किचनची खिडकी. यांनी उदबत्ती लावून पाहिली, धूर सरळ किचनकडं गेला. नुसता कुलर लावून भागत नाही, हवेला वाट नसली तर दोन तासांत अंगाला चिकचिक.

पाणी: नळ सकाळी येतो. शेजारच्या ताईंनी सांगितलं उन्हाळ्यात धार कमी होते पण मागच्या दोन वर्षांत टँकर बोलावला नाही. खाली टँकरवाला नाही म्हणून गिरणीवाल्याला विचारलं, त्यानं पण तेच सांगितलं.

आज दुसरी गोष्ट झाली ती माझ्यासाठी मोठी आहे. वकिलांनी अपार्टमेंटचं डिक्लेरेशन अन् जुनं विक्रीपत्र वाचून दाखवलं. त्यात लिहून आहे की या फ्लॅटसोबत ३,६०० फूट जमिनीत १२.५ टक्के अविभक्त हिस्सा. यांनी थांबवलं, म्हणाले पुन्हा वाचा. मग मनातच हिशेब केला, "म्हंजे साडेचारशे फूट आपली." वकील म्हणाले वेगळी तोडून मिळणार नाही दादा, पण वाटा तुमचाच, उद्या इमारत पाडून नवी बांधली तरी तुमचा. परत येताना गाडीवर हे म्हणाले, "घे मग."

२९ लाखावर बोलणी थांबली.

३० एप्रिल २०२५, बुधवार

अक्षय तृतीया. सकाळी गावात पूर्वजांच्या नावानं घागर भरली, पुरणपोळी झाली, अन् दुपारी नागपूरला जाऊन इसारपत्र केलं. एक लाखाचा चेक, रोख एक रुपया नाही. त्याआधी वकिलांचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, मालमत्ता कराची पावती, पाणीबिल, बँकेकडून बोजा नसल्याचं पत्र, सगळं हातात घेतलं. इसारपत्रात एक ओळ मी घालून घेतली, बँकेनं कागदातल्या त्रुटीमुळं लोन नाकारलं तर इसार पूर्ण परत. मालकांनी काही कुरकुर न करता सही केली. चांगली माणसं आहेत. कुलरचा स्टँड पण देऊन राहिले.

१३ मे २०२५, मंगळवार

निकाल. मोठीला ८६.४०. ऑफिसात पेढे वाटले.

यंदा अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन आहेत, म्हणजे उमरेडला घ्यायचं असतं तरी तोच फॉर्म भरावा लागला असता. आता तिनं नकाशा काढून बसून कॉलेजची यादी केली, घरापासून सायकलनं किती अन् बसनं किती. मी म्हटलं आधी कॉलेज चांगलं पाहा, तर म्हणते, "मम्मी तू घर रोड पाहून घेतलं, मी कॉलेज रोड पाहून घेतलं तर काय झालं."

२३ मे २०२५, शुक्रवार

रजिस्ट्री झाली. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, २९ लाखावर २९ हजार वाचले, अन् नोंदणी फी १ टक्का, ती पण २९ हजार, म्हणजे वाचलेल्या पैशातून फी निघाली. मी यांना विचारलं होतं तुम्हाला चालते ना, तर म्हणाले, "वावर माह्या नावानं आहे, घर तुह्या नावानं राहू दे, त्यात काय." सासूबाईंनी मात्र मला जवळ घेतलं. त्यांच्या नावावर आयुष्यात कधी काहीच नव्हतं, एक राशनकार्ड सोडून.

लोन ८ टक्क्यानं बसलं, हप्ता १८ हजार ४०२. फोटो काढायच्या वेळी माझा अंगठा मशीन घेईना, कोरडा पडला होता, तिथल्या बाईनं ओल्या कपड्यानं पुसून दिला. दोन तास लागले. बाहेर आल्यावर उसाचा रस प्यालो पाच जणांनी.

लाईटबिलाचं नाव बदलायचा अर्ज मी उद्याच ऑनलाइन भरणार आहे.

८ जून २०२५, रविवार

सामान आलं. टेम्पोत अर्धं सामान अन् अर्ध्यात गहू, तूरडाळ, मिरचीचा डबा. तुळस सासूबाईंनी मांडीवर धरून आणली, गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवली, सकाळी सात ते साडेनऊ ऊन येते, मोजलं. बाथरूममध्ये स्टीलचा दांडा लावून घेतला. खालच्या बायांपैकी एक भिवापूरची निघाली, सासूबाईंच्या माहेरच्या गावाला तिची नणंद दिलेली आहे, तेव्हापासून त्या खालीच आहेत.

परवा रेपो आणखी अर्धा टक्का कमी झाला. बँकेत जाऊन विचारायचं आहे हप्ता कधी बदलन, हिशेबानं १७ हजार ७२३ यायला पाहिजे.

हे थांबले नाही. वखरणी झाली आहे, बियाणं घरात आणून ठेवलं आहे, एक चांगला पाऊस झाला की पेरणी. संध्याकाळी सव्वापाचला निघाले अन् सव्वासहाला उमरेडवरून फोन आला, "नाक्यावर लागलो अन् सरळ आलो, कुठंच वळा लागलं नाही." मागं कुठंतरी गडगडल्याचा आवाज होता. मी गॅलरीत जाऊन पाहिलं, इकडं आभाळ कोरडं होतं, उमरेडच्या बाजूला काळं.